गरम पाण्याची वाटेतली घट

व्यापाऱ्याला घट दोन प्रकारची माहीत असते. एक गोदामातली, दुसरी वाटेतली. गोदामातली घट वजन केले की उघडी पडते. वाटेतली घट मात्र पाठवणाऱ्याच्या वहीत दिसत नाही आणि घेणाऱ्याने मोजून घेतले नाही तर त्याच्याही वहीत दिसत नाही. घरातील गरम पाण्याचे असेच आहे. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत किती अंशांचे पाणी आहे, हे आपण विचारतो. गिझर किती लिटरचा घ्यावा, यावर घरात चर्चा होते. न्हाणीघरातील नळ आणि शॉवर तर दहा दुकाने पालथी घालून निवडले जातात. या दोन टोकांमधली नळी मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. प्लंबर ती बसवतो, गवंडी ती भिंतीत बुजवतो आणि पुढची पंचवीस वर्षे तिचा विषय निघत नाही.

पूर्वी हा विषय निदान प्लंबरच्या डोक्यात असे. लोखंडी जीआय नळ्यांच्या काळात गरम पाण्याची नळी भिंतीत घालताना तिच्यावर ॲसबेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची पद्धत होती. कारण उघडच होते: लोखंडी नळी हाताला चटका देत असे, म्हणून ती झाकावी असे सर्वांनाच वाटे. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्या. सीपीव्हीसी नळ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २००७ मध्ये आयएस १५७७८ हे मानक काढले. आज आपल्या शहरांतील बहुतेक नव्या घरांत गरम पाण्यासाठी पिवळसर सीपीव्हीसी किंवा हिरवी-पांढरी पीपीआर नळी असते. या बदलात दोरी गेली, आणि दोरीबरोबर झाकण्याची कल्पनाही गेली. ‘साहेब, प्लास्टिक आहे, ते उष्णता सोडतच नाही,’ हे वाक्य बांधकाम चालू असलेल्या घरात हमखास ऐकू येते.

हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते टिकून राहिले आहे. सीपीव्हीसीच्या तुलनेत तांबे अडीच हजार पटींहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. हे ऐकल्यावर प्लास्टिकच्या नळीला वेष्टनाची काय गरज, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नळीची भिंत असते दोन-अडीच मिलिमीटरची. कापड कितीही ऊबदार असले तरी त्याचे उपरणे माघातल्या थंडीत दुलईचे काम करीत नाही, तसेच हे. एक इंची सीपीव्हीसी नळीत ६० अंशांचे पाणी उभे आहे आणि भोवतालची हवा २० अंशांची व संथ आहे, असे धरून हिशेब केला तर नळीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ३० वॉट उष्णता बाहेर जाते. तेवढ्याच जाडीच्या उघड्या धातूच्या नळीतून ३६ वॉटच्या आसपास गेली असती. म्हणजे प्लास्टिकने वाचवला तो जेमतेम सहावा हिस्सा. याच नळीवर १३ मिलिमीटर जाडीचे चांगले फोमचे वेष्टन चढवले की आकडा ११ वॉटवर येतो. काम प्लास्टिक करीत नाही. फोमच्या असंख्य बारीक कप्प्यांत कोंडलेली, हलू न शकणारी हवा करते.

यात आणखी एक बारकावा आहे. नळीतून पाणी वाहत असते तेव्हा फारसे काही बिघडत नाही. मिनिटाला सहा लिटर या वेगाने पाणी पंचवीस मीटरच्या उघड्या नळीतून आले तरी ते दोन अंशांनी, गच्चीवर वारा असेल तर फार तर साडेतीन अंशांनी उतरते. अंगावर घेणाऱ्याला ते कळतही नाही. खरी घट होते ती पाणी नळीत उभे राहते तेव्हा. पहिल्याची आंघोळ संपते, तोटी बंद होते, दुसरा पूजेचे कपडे शोधत असतो, तिसऱ्याचा फोन चालू असतो. तेवढ्या वेळात टाकीपासून नळापर्यंतची सगळी नळी भरून ठेवलेले पाणी निमूटपणे थंड होत राहते. मग पुढचा माणूस तोटी उघडतो आणि हात पाण्याखाली धरून वाट पाहतो. ते वाट पाहण्याचे पाणी मोरीतून जाते.

किती जाते? तळमजल्यावर दुकान, वर दोन मजले आणि गच्चीवर सोलर, अशी घरे आपल्या समाजात गावोगावी आहेत. अशा घरात टाकीपासून खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरापर्यंत गच्चीवरचा आडवा भाग, खाली उतरणारा भाग आणि घरातला भाग मिळून नळी पंचवीस मीटर सहज भरते. एक इंची सीपीव्हीसी नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे ४३० मिलिलिटर पाणी मावते. पंचवीस मीटरमध्ये पावणेअकरा लिटर. म्हणजे नळी एकदा थंड झाली की गरम पाणी हाती येण्यापूर्वी निदान एवढे पाणी सोडावे लागते. नळी स्वतः तापण्यासाठी थोडे आणखी. ते पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यासाठी लागलेली उष्णता विजेच्या भाषेत अर्धा युनिट होते.

आता थंडीतील एक सकाळ घ्या. घरात सहा माणसे, प्रत्येकाच्या आंघोळीत चाळीस मिनिटांचे अंतर. ६० अंशांचे पाणी घरातील उघड्या नळीत चाळीस मिनिटे उभे राहिले तर ३७ अंशांच्या आसपास उतरते. कोमट, थंडीत नकोसे. गच्चीवर वाऱ्याला असलेल्या भागात ते २७ अंशांवर येते, म्हणजे जवळपास गारच. १३ मिलिमीटरच्या वेष्टनाखाली मात्र तेच पाणी चाळीस मिनिटांनंतरही ४८-४९ अंशांचे असते, मग नळी घरात असो की गच्चीवर. वेष्टनाचा सर्वांत मोठा लाभ गच्चीवर होतो तो यामुळे. उघड्या नळीला वारा जो फटका देतो, तो वेष्टित नळीला जवळजवळ लागतच नाही. सहाही जण शॉवरखाली आंघोळ करीत असतील तर उघड्या नळीवर सहा वेळा पाणी सोडावे लागेल, वेष्टित नळीवर एकदा. फरक सुमारे चोपन्न लिटरांचा. थंडीच्या नव्वद दिवसांत तो ४,८०० लिटरांपर्यंत जातो. हा कमाल हिशेब आहे. माणसे कमी, अंतरे कमी, की आकडा उतरतो. तरीही ज्या गावांत फाल्गुनापासून टँकरची वाट पाहिली जाते तेथे तो क्षुल्लक म्हणता येणार नाही.

‘सोलर आहे, सूर्य काही बिल पाठवत नाही,’ असे यावर कोणी म्हणेल. उष्णता फुकट असेल. पाणी फुकट नाही. शिवाय ढगाळ दिवसांत त्याच टाकीतले विजेचे एलिमेंट चालू होते. पण जैन घरात या प्रश्नाला पैशापलीकडची एक बाजू आहे. पाणी तुपासारखे वापरावे, हे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. पाणी ही आपल्यासाठी केवळ वस्तू नाही. अप्कायाच्या जीवांचा तो देह आहे, आणि ते तापवताना तेजस्कायाचाही आरंभ होतो. संसारी श्रावकाला या दोन्हींपासून पूर्ण निवृत्त होता येत नाही, हे शास्त्रांनी ओळखले आहे. म्हणून गुणव्रतांमध्ये अनर्थदंड विरमण सांगितले. ज्या हिंसेमागे प्रयोजन आहे ती मर्यादित करावी. जिच्यामागे काहीच प्रयोजन नाही ती सोडावी. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांपैकी प्रमादचर्या सांगताना पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचा निष्फळ आरंभ हेच उदाहरण घेतले आहे. आंघोळीसाठी तापवलेल्या पाण्याला प्रयोजन आहे. तापवून, नळीत थंड होऊ देऊन, मग कोणाच्याही अंगाला न लागता मोरीत सोडलेल्या पाण्याला कोणते प्रयोजन म्हणावे? ‘निष्फळ’ या शब्दात ते तंतोतंत बसते. आठ दिवसांच्या अठ्ठाईला पाण्याच्या थेंबाचा नियम पाळणाऱ्या घरात नवव्या दिवशी शॉवरखाली दहा लिटर वाहून जावेत, ही विसंगती कोणाच्या श्रद्धेतील उणीव नव्हे. ती नळीच्या मांडणीतील उणीव आहे, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

वेष्टनाकडून अवास्तव अपेक्षाही नको. रात्रीच्या सात-आठ तासांत वेष्टित नळीतले पाणीही थंडच होते. पहाटे पहिल्या माणसाला नळी रिकामी करावीच लागते. तेथे फोम काही करू शकत नाही, बादली करू शकते. ज्या घरांत अजून बादलीने आंघोळ होते तेथे हा प्रश्न निम्मा सुटलेलाच आहे. प्रथम आलेले गार पाणी बादलीत पडते, मागाहून आलेल्या गरम पाण्यात मिसळते, आणि तसेही गार पाणी मिसळावेच लागले असते. नळीतील घट मोरीपर्यंत नेली ती शॉवरने. पहाटेच्या पहिल्या पाण्यासाठी शॉवरखाली बादली ठेवावी आणि ते पाणी फरशी पुसायला किंवा कुंड्यांना घालावे, याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तसेच गिझर न्हाणीघरातच असेल आणि नळी दीड-दोन मीटरची असेल तर वेष्टनाच्या भानगडीत पडू नये. अर्धा-पाऊण लिटर पाण्यासाठी भिंत फोडणे शहाणपणाचे नाही. फोम बनवण्यातही आरंभ आहेच. गॅस गिझर स्वयंपाकघराच्या बाल्कनीत आणि न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी असेल तर विचार करावा. आणि नवे घर बांधत असाल तर वेष्टनाच्याही आधी नळीची लांबी आणि जाडी पाहावी. पाऊण इंची नळीत मीटरमागे २६० मिलिलिटर पाणी असते, म्हणजे एक इंचीपेक्षा चाळीस टक्के कमी. सोलरची टाकी गच्चीपासून फारशी उंच नसते, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर दाब कमी पडतो आणि तेथे रुंद नळी लागते, हे प्लंबरचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याच सवयीने तो खालच्या मजल्यांनाही एक इंची नळी घालतो. तेथे दाब आपोआप मिळत असतो. नकाशावरच न्हाणीघरे एकाखाली एक घेतली तर निम्मी लढाई तेथेच जिंकली.

ज्या सोसायट्यांत सामाईक सोलर आहे आणि गरम पाणी पंपाने सतत फिरवले जाते, त्यांचा मामला वेगळा. तेथे रहिवाशाला तोटी उघडताच गरम पाणी मिळते, त्यामुळे तक्रार कोणी करीत नाही. पण पाणी नळीत कधीच थंड होऊ दिले जात नसल्याने घट चोवीस तास चालू राहते. शंभर मीटरच्या उघड्या नळीमागे तीन किलोवॉट, म्हणजे दिवसाला ७२ युनिट इतकी उष्णता. वेष्टनाने ती २६ युनिटांवर येते. पंपाला टायमर लावून तो सकाळ-संध्याकाळपुरताच चालवला तर आणखी कमी होते. सोसायटीच्या कार्यकारिणीत आपले अनेक बंधू-भगिनी आहेत. वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावर दोन तास बोलले जाते, त्यातील दहा मिनिटे या नळीला द्यावीत.

आता साहित्याकडे. बाजारात दोन प्रकारचे वेष्टन सहज मिळते: पॉलिथिलीनचे फोम आणि नायट्राइल रबराचे काळे फोम. दुसरे आपण एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर पाहिलेले असते. गरम पाण्यासाठी मी नायट्राइल पसंत करीन. उष्णता अधिक सोसते आणि वळणावर फाटत नाही. हार्डवेअरचा व्यवसाय करणाऱ्यांनी एक गोष्ट ग्राहकाला आवर्जून सांगावी. एसीची नळी बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाते, सीपीव्हीसी मात्र नाममात्र मापावरून. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास खरोखर सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२ मिलिमीटर असतो आणि एक इंचीचा सुमारे साडेअठ्ठावीस मिलिमीटर. म्हणून पाऊण इंची लिहिलेले एसीचे फोम पाऊण इंची सीपीव्हीसीवर चढतच नाही. प्लंबर मग ते उभे चिरून, ताणून, चिकटपट्टीने बांधतो. चिरेची फट उघडी राहते आणि फटीतून उष्णता जाते. २२ आणि २८ ही मापे मागून घेतली की नळी जोडतानाच फोम सरकवून घालता येते. जाडी गच्चीवर १३ किंवा १९ मिलिमीटर, भिंतीत ६ ते ९. पहिला सेंटिमीटर सर्वाधिक काम करतो. १३ वरून १९ वर गेल्याने ११ वॉटचे ९ होतात, त्याहून अधिक काही पदरात पडत नाही. चार इंची भिंतीत जाड फोमसाठी खोल खाच मारू देऊ नये. भिंत कमजोर होते.

भिंतीतील पातळ वेष्टनाचा उष्णतेपलीकडचाही एक उपयोग आहे. सीपीव्हीसी तापली की वाढते. दहा मीटर सरळ नळी चाळीस अंशांनी तापली तर अडीच सेंटिमीटरहून अधिक. सिमेंटने घट्ट जखडलेल्या नळीचा हा ताण एल्बो आणि टी यांच्या जोडांवर येतो. फोम तिला हलायला जागा देते.

काही सावधगिरी मात्र हवीच, कारण चुकीचे वेष्टन नसल्यापेक्षा वाईट. सीपीव्हीसीला काही रसायने सोसत नाहीत. मऊ पीव्हीसीच्या काही पट्ट्या, काही रबरे, काही चिकटद्रव्ये आणि फवाऱ्याचे फोम यांतील तेलकट घटक नळीत मुरतात आणि तिला केसासारखे तडे जातात. ते लगेच दिसत नाहीत. वर्षभराने भिंतीला ओल दिसते तेव्हा कळतात. म्हणून वेष्टन, पट्टी आणि चिकटद्रव्य आपल्या नळीला चालते का, हे नळीच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावे. ऑइल पेंटही सीपीव्हीसीला लावू नये. रंगवायचेच तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरावा. सोलरच्या टाकीतून निघणारा पहिला तुकडा धातूचा ठेवणे उत्तम. उन्हाळ्यात वापर कमी असला की टाकीतील पाणी उकळीच्या जवळ जाते आणि सीपीव्हीसीचे बळ उष्णतेबरोबर उतरते: २३ अंशांना ती जेवढा दाब सोसते त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाच ८२ अंशांना. टाकीची हवेची नळी तर कोणत्याही सबबीवर झाकू किंवा बुजवू नये. थर्माकोलचे तुकडेही टाकीजवळ नकोत. ८० अंशांच्या आसपास ते आकसू लागते.

गच्चीवरचे उघडे काळे फोम आपण सर्वांनी पाहिले आहे: दोन-तीन उन्हाळ्यांत वरून भुगा होतो, पावसाचे पाणी आत शिरते आणि ओले फोम पांघरुणाऐवजी ओल्या फडक्याचे काम करते. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा उन्हाला टिकणारे कवच हवे. पत्रा परवडत नसेल तर फोम चढवलेली नळी जाड पीव्हीसीच्या मोठ्या नळीत सरकवावी. फोम आणि पीव्हीसी एकमेकांना लागले तरी चालते, कारण कडक पीव्हीसीत ते तेलकट घटक नसतात. सांधे खालच्या बाजूला ठेवावेत. आणि सर्व जोड पूर्ण वाळून, दाबाची चाचणी होऊन, गळती नाही याची खात्री पटल्यावरच वेष्टनाचे सांधे बंद करावेत.

घरात वृद्ध किंवा लहान मुले असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. पूर्वी गार, मग कोमट, मग गरम असे सावकाश येणारे पाणी वेष्टनानंतर एकदम येते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. गार पाण्याची तोटी आधी उघडण्याची सवय लावावी किंवा तापमान राखणारा मिक्सर बसवावा.

जुने घर दुरुस्त करताना भिंतीतून दोरी गुंडाळलेली लोखंडी नळी निघाली, तर ती दोरी ॲसबेस्टॉसची असू शकते. तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो, हे आता निर्विवाद आहे. कोरडी ओढू नये, झाडू मारू नये, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. ओली करून, नाकातोंडाला योग्य मास्क लावलेल्या माणसाकडून काढून घ्यावी आणि जाड पिशवीत बंद करावी. ती काढणारा मजूर रोजंदारीवरचा असतो आणि त्याला बहुधा ती काय आहे हे ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम घरमालकाचे.

शेवटी वेष्टनाची टोके. फोमच्या नळीची उघडी टोके म्हणजे ऊबदार, कोरडे बीळ. पावसाळ्यात मुंग्या तेथे अंडी नेऊन ठेवतात, कोळी आणि पाली आश्रय घेतात, आणि थंडीत गरम पाणी सुरू झाले की त्या जीवांचे काय होते हे सांगायला नको. टोके आणि सांधे नळीला चालणाऱ्या पट्टीने पूर्ण बंद करावेत. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, ज्येष्ठात, एकदा गच्चीवर जाऊन ती पट्टी सुटलेली नाही ना हे पाहावे. आधीच कोणी वस्तीला आले असेल तर ते निघून जाईपर्यंत थांबून मग टोक बंद करावे.